सायंटिफिक कॅल्क्युलेटर सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं: आधी गणितं घालून बघा, मग ठरवा

विंडोजवाला कॉम्प्युटर असेल तर आत्ता कॅल्क्युलेटर उघडा आणि २ + ३ × ४ = असं दाबा. स्टँडर्ड मोड चालू असेल तर उत्तर येईल २०. आता ऑल्ट आणि २ एकत्र दाबा म्हणजे सायंटिफिक मोड येईल, तिथे हेच परत दाबा, उत्तर १४. प्रोग्राम तोच, बटणं तीच, उत्तरं मात्र दोन. आणि गंमत म्हणजे बिघाड वगैरे काही नाही, स्टँडर्डवाला खिशातल्या साध्या कॅल्क्युलेटरसारखा जे दाबाल ते तिथल्या तिथे करून टाकतो (२ + ३ झाले ५, मग ५ चोक २०) आणि सायंटिफिकवाला आधी गुणाकार मग बेरीज हा शाळेतला नियम पाळतो.

हे आधीच सांगायचं कारण असं की नवीन माणूस कॅल्क्युलेटर निवडताना बटणं किती आहेत, दिसतो कसा, डार्क मोड आहे का हेच बघतो. मीही तेच करायचो. पण खरा फरक असतो तो तुम्ही दाबलेल्याचा तो अर्थ काय लावतो आणि तो अर्थ तुम्हाला दाखवतो का, यात. बाकी साइन, कॉस, लॉग काय, सगळ्यांकडे असतं.

पायरी १: घरात काय आहे ते आधी बघा

डाउनलोडच्या मागे लागण्याआधी कॉम्प्युटरवर जे आलंय ते नीट बघा, निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं. विंडोजच्या कॅल्क्युलेटरात डावीकडे वर तीन आडव्या रेघा आहेत, त्यावर क्लिक केलं की स्टँडर्ड, सायंटिफिक, ग्राफिंग, प्रोग्रामर, तारखांचा हिशोब आणि खाली मापं बदलायची मोठी यादी निघते. कितीतरी लोकांनी त्या रेघा आजवर दाबलेल्याच नसतात. ग्राफिंग २०२० मध्ये आलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ ला, मायक्रोसॉफ्टने या कॅल्क्युलेटरचा सोर्स कोड खुला केला. मॅकवर कमांड आणि २ दाबलं की सायंटिफिक येतो, कमांड आणि ३ ला प्रोग्रामर. लिनक्सवर डेस्कटॉप कुठला आहे त्यावर आहे, ग्नोम असेल तर ग्नोम कॅल्क्युलेटर, केडीई असेल तर केकॅल्क.

विंडोजवाल्याची माझी एकच मोठी तक्रार आहे. लांब गणित टाइप केलं आणि मधला एक आकडा चुकला तर कर्सर तिथे नेऊन तेवढाच दुरुस्त करता येत नाही. शेवटचा आकडा खोडता येतो, बाकी परत पहिल्यापासून. दोन पायऱ्यांच्या गणिताला काही वाटत नाही हो, पण तीन कंस आणि चार दशांश असलेलं काही असेल तर डोकं फिरतं.

पायरी २: तुम्ही गणितं कुठली करता?

एक कागद घ्या आणि गेल्या महिनाभरात कॅल्क्युलेटर कशाकशाला उघडला ते लिहा. खरंच लिहा, मनात नको, मनात आपण सगळे शास्त्रज्ञच असतो. फूट-इंच-सेंटिमीटर जास्त असेल तर मापं समजणारा हवा. मुलांचं अकरावी-बारावीचं गणित असेल तर आलेख काढणारा. कोडिंग शिकताय तर बायनरी आणि हेक्साडेसिमल. प्रयोगाची रीडिंग्ज असतील, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं असेल, तर सरळ सांगतो, कॅल्क्युलेटर शोधूच नका, लिबरऑफिसचं कॅल्क किंवा असलेली स्प्रेडशीट वापरा, आकडे समोर दिसतात आणि एखादा चुकला तर लगेच बदलता येतो.

स्टँडर्ड डेव्हिएशनचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. सरासरी ५. डेव्हिएशन एका पद्धतीने बरोबर २ येतं आणि दुसऱ्या पद्धतीने २.१३८. पहिल्यात भागाकार ८ ने होतो, दुसऱ्यात ७ ने, कारण दुसरी पद्धत हे आकडे मोठ्या ढिगातला नमुना आहेत असं धरते. स्प्रेडशीटमध्ये दोन वेगळी फंक्शन्स असतात, एकाच्या शेवटी पी, दुसऱ्याच्या एस. पुस्तकातलं उत्तर जुळत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या आधी हे बघा.

पायरी ३: परीक्षा घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक गाळतात. ज्यांची उत्तरं आधीच माहिती आहेत अशी थोडी गणितं प्रत्येक कॅल्क्युलेटरला घालायची. दहा मिनिटांचं काम.

सुरुवात साइन ३० ने करा. उत्तर ०.५ आलं तर तो डिग्रीवर आहे. वजा ०.९८८ आलं तर रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या मापावर. ०.४५४ आलं तर ग्रॅडवर, म्हणजे पूर्ण वर्तुळाचे ४०० भाग करणारं माप, जे आपल्यापैकी कोणाला लागत नाही पण बटण चुकून दाबलं जातं. आता तुम्ही म्हणाल वजा उत्तर आलं की कळेलच की! तर ऐका. भाच्याला शाळेतून झाडाची उंची कोनावरून काढून आणायची होती, आम्ही झाडापासून मोजून १२ मीटरवर उभे राहिलो, शेंड्याचा कोन ३५ अंश आला, घरी येऊन मी ऐटीत टॅन ३५ गुणिले १२ केलं आणि उत्तर आलं ५.६९ मीटर. लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी वहीत लाल रेघ. खरं उत्तर ८.४० मीटर होतं, कारण टॅन ३५ डिग्रीत ०.७००२ असतो आणि रेडियनमध्ये ०.४७३८, आणि ही दोन्ही उत्तरं दिसायला इतकी साळसूद आहेत की शंका यायचं कारणच नाही. आदल्या आठवड्यात मीच कशासाठी तरी रेडियन लावलं होतं आणि प्रोग्रामने ते इमानदारीने लक्षात ठेवलं होतं. भाचा अजून ऐकवतो.

त्यामुळे माझा नियम असा झालाय की डिग्री की रेडियन हे स्क्रीनवर सतत, न शोधता दिसत नसेल तर तो कॅल्क्युलेटर बाद. अजून एक खोच, काही कॅल्क्युलेटरांत बटणावर ‘रॅड’ लिहिलेलं असतं ते रेडियन चालू आहे म्हणून नव्हे, ते बटण दाबलं तर रेडियन होईल म्हणून. म्हणजे अर्थ बरोबर उलटा. साइन ३० करून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

दुसरं, वजा २ चा वर्ग. म्हणजे आधी वजाचं चिन्ह, मग २, मग वर्ग, कंस न घालता. गणिताच्या रिवाजाप्रमाणे आधी वर्ग होतो मग वजा लागतो, उत्तर वजा ४. पण एक्सेलमध्ये हेच लिहिलं तर अधिक ४ येतं. लिनक्सच्या टर्मिनलवरचा बीसी नावाचा जुना कॅल्क्युलेटर पण अधिक ४ च देतो. कोण बरोबर कोण चूक यावर भांडत बसू नका, तुमचा कॅल्क्युलेटर काय करतो ते माहिती करून घ्या आणि शंका असेल तिथे कंस घाला. कंस फुकट असतात. तसंच २ च्या डोक्यावर ३ आणि त्याच्या डोक्यावर परत २, म्हणजे २^३^२. रिवाज वरून खाली यायचा, म्हणजे ५१२. एक्सेल डावीकडून सुरू करतो आणि ६४ देतो.

तिसरं, लॉग १००. बहुतेक कॅल्क्युलेटरांत लॉग म्हणजे पाया १० चा, उत्तर २, आणि नैसर्गिक लॉगसाठी एलएन असं वेगळं बटण. पण पायथन ही कोडिंगची भाषा किंवा मॅक्झिमा (याच्याबद्दल पायरी ४ मध्ये) अशा ठिकाणी नुसतं लॉग म्हटलं की तो नैसर्गिकच धरला जातो आणि उत्तर येतं ४.६०५. केमिस्ट्रीचं पीएच काढताना हे विसरलात तर लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जागी साडेचारच्या वर जाऊन बसेल.

चौथं जरा खोलातलं आहे, पण मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं. ०.१ + ०.२ − ०.३ करा. उत्तर शून्य यायला हवं ना? पायथनमध्ये करून बघा, ०.०००… करत सतराव्या जागेवर काहीतरी ५.५५ उरतं. का उरतं? कॉम्प्युटर आकडे दोनच्या भाषेत साठवतो आणि एक दशांश हा अपूर्णांक त्या भाषेत कधी संपतच नाही, जसा आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३३ करत चालतच राहतो. कुठेतरी तोडावा लागतो, आणि तोडला की कणभर चूक राहते. बहुतेक सगळ्या प्रोग्रामांत आकडे साठवायची जी पद्धत आहे (१९८५ चं आयईईई ७५४ नावाचं मानक) तिच्यात साधारण १५ ते १७ अंक टिकतात. चांगला कॅल्क्युलेटर ही पद्धत वापरत नाही, किंवा वापरली तरी जास्तीचे अंक पोटात ठेवतो. याचीच अजून कडक परीक्षा: १० चा १६ वा घात, त्यात १ मिळवा, परत १० चा १६ वा घात वजा करा. उत्तर १ यायला पाहिजे, शून्य आलं तर तो एक त्याने गिळला. विंडोजवाला इथे पास होतो. त्याच्यातही बरीच वर्षं एक गमतीचा दोष होताच, √४ मधून २ वजा केले की शून्याऐवजी अगदी बारीक उरलंसुरलं काहीतरी दिसायचं, ते २०१८ च्या सुमारास दुरुस्त झालं.

रोजच्या कामाला याने फरक पडतो का? खरं सांगू, नाही पडत. टेबलाची लांबी सतराव्या दशांशापर्यंत कोणी मोजत नाही. पण जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी असेल तर पडतो, आणि तेव्हा तो गपचूप पडतो.

बाकीच्या दोन पटकन. १७१ चं फॅक्टोरियल: आयईईईवाले १७० पर्यंतच पोचतात, पुढे एरर किंवा अनंत. हातातल्या बऱ्याच मशीनी तर ६९ लाच थांबतात, कारण त्यांचा डिस्प्ले १० च्या ९९ व्या घातापुढे जात नाही. आणि वजा ८ चा घात एक तृतीयांश: कोणी वजा २ देईल, कोणी कॉम्प्लेक्स संख्या १ + १.७३२ आय देईल, कोणी हात वर करेल. शाळेच्या मुलासाठी घेत असाल तर वजा २ देणारा बघा, नाहीतर ‘आय’ म्हणजे काय हे समजावत बसावं लागेल.

पायरी ४: आता नावं

कीबोर्डवर हात चालत असेल तर माझं पहिलं मत स्पीडक्रंचला. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो आणि बटणांचा पसारा तुम्ही मागितल्याशिवाय दाखवत नाही. खाली एक ओळ, तिथे गणित जसंच्या तसं टाइप करायचं, टाइप करतानाच उत्तर तरंगत दिसतं, एंटर मारला की वर जमा होतं. चुकलं तर वरच्या बाणाने तीच ओळ परत आणा आणि चुकलेला आकडा बदला. दर = १२.५ असं एखादं नाव ठेवून पुढच्या ओळीत वापरता येतं. पन्नास अंकांपर्यंत अचूकता मिळते. खोड एक आहे, फंक्शनमध्ये दोन आकडे द्यायचे असतील तर मध्ये स्वल्पविराम नाही, अर्धविराम लागतो, पहिल्या दिवशी माझी अर्धी संध्याकाळ त्यात गेली. ०.१२ ही आवृत्ती २०१६ ची आहे म्हणून काहीजण नाक मुरडतात, पण साइन आणि कॉस काही २०१६ नंतर बदललेले नाहीत.

मापांचं काम असेल तर मात्र क्वालक्युलेट. नाव उच्चारायला विचित्र आहे पण माणूस कामाचा. यात ५ फूट अधिक ६ इंच असं लिहून पुढे सेंटिमीटरमध्ये द्या म्हटलं (इंग्रजीत लिहावं लागतं अर्थात) की १६७.६४ सेंटिमीटर येतं. आणि मीटरमध्ये किलो मिळवायला गेलात तर दोन्ही एका आकड्यात कोंबत नाही, वेगवेगळेच ठेवतो, म्हणजे काहीतरी घोळ झालाय हे लगेच डोळ्यावर येतं. माझ्या दृष्टीने हा याचा सगळ्यात मोठा गुण आहे, कारण मापांची चूक आकड्यात दिसत नाही, मापातच दिसते. एक्सच्या वर्गातून ५ एक्स वजा, अधिक ६, बरोबर शून्य असं समीकरण दिलं तर २ आणि ३ ही दोन्ही उत्तरं काढून देतो. पर्याय इतके आहेत की मेनू बघून नवीन माणूस बिचकतो, तर सुरुवातीला मेनूकडे बघूच नका, नुसतं टाइप करा.

आलेख हवे असतील तर जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये हे सुरू केलं, आता जगभर शाळांत चालतं. स्लायडर लावून आकडा सरकवला की आलेख डोळ्यासमोर वाकतो, हे एकदा बघितलं की मुलांना पॅराबोला समजावायला फळा लागत नाही. घरगुती आणि शाळेच्या वापराला फुकट आहे, धंद्यासाठी वापरायचं असेल तर अटी वाचा. डेसमॉस पण छान आहे, पण ते ब्राउझरमध्ये उघडतं, म्हणजे नेट गेलं की तुम्हीही गेलात.

डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल, अवयव पाडणं असं चिन्हांचं गणित करायचं असेल तर मॅक्झिमा, आणि त्याचा चेहरा म्हणून डब्ल्यूएक्स-मॅक्झिमा. याचं मूळ एमआयटीत १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) नावाच्या प्रोग्रामात, म्हणजे म्हाताऱ्यातला म्हातारा, पण अजून ठणठणीत. बारावीपर्यंत याची गरज नाही, त्यापुढे आहे.

आणि एक हौशी पर्याय. १९७२ मध्ये एचपी-३५ आला, हातात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, त्यात बरोबरचं (=) बटणच नव्हतं! ३ एंटर ४ अधिक ५ गुणिले असं दाबायचं, म्हणजे (३ + ४) × ५, कंसाची भानगडच नाही. याला आरपीएन म्हणतात. एचपी-४२एस या १९८८ च्या मॉडेलची नक्कल फ्री४२ नावाने फुकट मिळते आणि तिची डेसिमल आवृत्ती दहाच्या भाषेतच हिशोब करते, ३४ अंकांपर्यंत, त्यामुळे ०.१ वाली परीक्षा डोळे मिटून पास. सवय लागायला आठवडा जातो आणि एकदा लागली की बाकीचे कॅल्क्युलेटर हातात धरवत नाहीत, म्हणून सांभाळून.

पायरी ५: उतरवून घेताना

सर्चमध्ये वर आलेल्या पहिल्या लिंकवर जाऊन हिरव्या मोठ्या बटणावर क्लिक करू नका. मी केलंय. कॅल्क्युलेटर आला, सोबत ब्राउझरला एक पट्टी चिकटली, होमपेज बदललं आणि ते सगळं काढायला रविवार गेला. प्रोजेक्टची स्वतःची साइट, नाहीतर विंडोजचं स्टोअर, मॅकचं अ‍ॅप स्टोअर, लिनक्सचं पॅकेज मॅनेजर, एवढ्याच जागा. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट नेक्स्ट’ न करता प्रत्येक पानावरची खूण वाचा. पोर्टेबल आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या, झिप उघडायची आणि चालवायचं, नको झालं तर फोल्डर डिलीट.

कॅल्क्युलेटरने इंटरनेट मागितलं तर? चलनाचे दर आणायला मागत असेल तर ठीक आहे, विंडोजवाला आणि क्वालक्युलेट दोघंही त्यासाठी नेटवर जातात. पण कॅमेरा, कॉन्टॅक्ट्स, लॉगिन असलं काही मागत असेल तर तिथल्या तिथे काढून टाका, वर्गमूळ काढायला तुमचा ईमेल कशाला लागतो?

पायरी ६: पहिल्या दिवशीची मांडणी

उघडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी करा. कोन डिग्रीवर. दशांशाचं चिन्ह टिंब, कारण काही देशांच्या सेटिंगमध्ये ते स्वल्पविराम असतं आणि मग ३.५ टाइप केलेलं त्याला कळतच नाही. उत्तरात किती दशांश दाखवायचे ते ठरवा, मी सहा ठेवतो. आणि हिस्टरी सेव्ह होऊ द्या, आठवड्याने ‘हा आकडा आला कुठून’ असं होतं तेव्हा तीच कामी येते.

मुलाला परीक्षेत हातातलं मशीन न्यायचं असेल तर मात्र घरचा सराव त्याच मशीनवर करू द्या, कॉम्प्युटरवरचा फक्त उत्तर तपासायला. कंस कुठे आपोआप उघडतो, घाताचं बटण आधी दाबायचं की नंतर, हे बोटांना माहिती असावं लागतं आणि ते दोन मशीनींचं सारखं नसतं.

शेवटी टास्कबारवर पिन करून टाका, म्हणजे शोधावा लागणार नाही. आणि सगळं नीट लावूनही आकडेच उमटत नसतील, कर्सर नुसता इकडेतिकडे पळत असेल, तर सॉफ्टवेअर उडवायच्या आधी कीबोर्डवर उजवीकडे वर नम लॉकचा दिवा लागलाय का तेवढं बघा.